तळव्याखालचे पाच धागे

सत्यभामामावशींच्या डाव्या हाताचा अंगठा चपटा आहे. नवी माणसं विचारतात, कुठल्या मशीनमध्ये सापडला का? मावशी हो म्हणतात. खरी गोष्ट अशी की तो पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचलेला आहे, आणि ठेचणारा होता त्यांचा लग्नाचा नवरा, धर्मापुरीचा गहिनीनाथ. कारण काय, तर कालवण वाढताना हिचा अंगठा वाटीत बुडाला. "आता बुडतो कसा बघू," म्हणाला आणि मनगट धरून ओढत पाट्याशी नेलं. हाड फुटल्याचा आवाज मावशींनी स्वतःच्या कानांनी ऐकला. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या.

त्याआधी दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्यानंतर एका कानाचा पडदा गेला. सासू ओसरीवर शेंगा फोडत बसायची आणि दार उघडं असलं तरच "बास कर रे आता" म्हणायची. दवाखान्यात नेलं की मावशी सांगायच्या, पडले. जिन्यावरून पडले, म्हशीने ढकललं, विहिरीच्या पायरीवर पाय सरकला. धर्मापुरीच्या त्या घराला जिना नव्हता, पण डॉक्टरला काय माहीत!

पंचविसाव्या वर्षी त्याने घमेलं डोक्यात घातलं. मावशींनी हौदावर रक्त धुतलं, पदर डोक्याला गच्च बांधला आणि गावातल्या जुन्या देवळात पिंडीपुढे जाऊन बसल्या. देवाने काही सांगितलं नाही. पण तिथून उठल्यावर पाय घराकडे वळले नाहीत, एवढं खरं. त्याच लुगड्यावर दुपारच्या एसटीने त्या बीडला आल्या. गहिनीनाथ पुढे दारू पिऊन मेला. मावशी तेराव्याला जाऊन आल्या, जेवल्या नाहीत.

बीडमध्ये आधी त्यांनी एका दवाखान्याची झाडलोट केली, मग डॉक्टर फरजाना मॅडमनी त्यांना सोनोग्राफीच्या खोलीत घेतलं. मॅडम बीडच्याच, फळांचा व्यापार करणाऱ्या घरातल्या, बोलायला तिखट आणि हाताला हलक्या. मावशींना सही करायलाही मॅडमनीच शिकवलं. पगाराच्या कागदावर मावशी अजूनही जीभ दाताखाली धरून सगळं नाव लिहितात. अंगठा उठवायला सांगितलेलं त्यांना खपत नाही.

या खोलीत गाठीचा तुकडा काढतात. छातीत, मानेत, पोटात गाठ लागली की ती चांगली की वाईट हे वरून बघून कळत नाही, आतला तुकडा तपासावा लागतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ काळ्या डागासारखी दिसते. मॅडम जागा बधिर करतात आणि पडद्याकडे बघत बघत लांब सुई आत सरकवतात. ती पांढऱ्या रेघेसारखी पुढे येताना दिसते. गाठीच्या तोंडाशी आली की मॅडम बंदुकीचा खटका दाबतात. बंदूक म्हणजे मुठीत मावेल असं लोखंडी यंत्र, आत स्प्रिंग. खट्ट असा आवाज होतो, सुई पुढे उडी घेते आणि शेवईएवढा तुकडा कापून आणते. असे चार-पाच तुकडे औषधाच्या पाण्याच्या बाटलीत घालून संभाजीनगरच्या लॅबला पाठवायचे. छातीतल्या गाठीच्या मागे फुप्फुस असतं. त्या क्षणाला बाई हलली तर सुई कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून मावशींचं काम धरण्याचं. एक हात खांद्यावर, एक हात हातात, आणि तोंडाने एकच वाक्य, "हलू नको माय, झालंच."

आवाजाने दचकू नये म्हणून मॅडम आधी एकदा बंदूक हवेत वाजवून दाखवतात. बहुतेक बाया दचकतात आणि मग स्वतःलाच हसतात. पण काही बाया दचकत नाहीत. त्यांचे डोळे छताच्या कोपऱ्यात जातात आणि अंग लाकूड होतं. अशी पेशंट मॅडमना फार आवडायची, काम सोपं व्हायचं. मावशींना मात्र त्या खांद्यावर हात ठेवल्याबरोबर सगळं कळायचं. मार चुकवता येत नाही हे ज्या अंगाला कळलेलं असतं, ते असंच पडून राहतं. एवढ्या वर्षांत मावशींनी एकीलाही कधी विचारलं नव्हतं. विचारून करायचं काय? सुई झाली की बाई घरीच जायची होती.

खंडेनवमीला मावशी त्या खोलीची पूजा करतात. आपलं पोट ज्याच्यावर चालतं त्या अवजाराला त्या दिवशी हळदीकुंकू लावायचं. रिक्षावाला रिक्षाला झेंडू बांधतो, ऊसतोडीची माणसं कोयता धुऊन देवापुढे ठेवतात. मावशी मशीनला हार घालतात आणि बंदूक पाटावर ठेवून तिला कुंकवाचं बोट लावतात. मॅडम दारात उभ्या राहून दरवर्षी तेच सांगतात, पूजा खुशाल करा, सुयांच्या पाकिटांना हात लावू नका. मग गूळखोबरं खातात, बंदूक पुसून घेतली जाते आणि काम सुरू होतं.

मागच्या खंडेनवमीला पहिली पेशंट होती सुनिता. वडवणीकडच्या एका गावची, तिशीतली, ऊसतोडीला जाणारी. सोबत तिची आई दगडाबाई, नेकनूरची. नवरात्रात लेकीला दोन दिवस माहेरी धाडा, असं दगडाबाईने जावयाला सांगितलं होतं आणि नेकनूरला न जाता दोघी बीडच्या स्टँडवर उतरून थेट इथे आल्या होत्या. डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ होती, सात महिन्यांची. सासरी तिच्यावर बिब्ब्याचे चटके दिले होते. सहा काळे डाग, दोन अजून चिघळलेले. दसरा झाला की टोळीचा ट्रक कर्नाटकाकडे निघणार होता. एकदा फडावर गेलं की सहा महिने दवाखाना कसला? त्याआधी गाठीचं काय ते कळावं, एवढ्यासाठी दगडाबाईची ही लपवाछपवी.

मॅडमनी मशीन लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. गाठीच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, खाली सावली पडत होती. हे मला बरं दिसत नाही, त्या म्हणाल्या, तुकडा आजच काढायला हवा. दगडाबाईने भीत भीत विचारलं, सुई लावली की गाठ चवताळते म्हणतात, ते खरं का? मॅडमनी सांगितलं की तसं काही होत नाही, उलट न तपासता ठेवलेलीच वाढते. मग त्यांनी सुनिताला विचारलं, इथे कधी काही लागलं होतं का? मार, आपटणं, काहीही?

सुनिताचे डोळे छताच्या कोपऱ्यात गेले. "न्हाई," ती म्हणाली. दगडाबाईने पदर तोंडावर ओढला.

मॅडमनी बंदूक हवेत वाजवली. खट्ट. सुनिता हलली नाही. मावशींच्या हाताखाली तिचा खांदा लाकूड झाला होता.

पाच तुकडे निघाले. वाईट गाठीचे तुकडे पांढरे आणि ताठ असतात, बाटलीत तळाला जातात, हे मावशींनी शेकडो वेळा पाहिलं होतं. हे पिवळसर होते आणि त्यातले तीन वरच तरंगत राहिले. मावशी काही डॉक्टर नव्हत्या. त्यांनी मनात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं नाव घेतलं. मॅडम नाव लिहायला टेबलाकडे वळल्या. बाटली ट्रॉलीवरच होती, झाकण नुसतं वर टेकवलेलं. रक्त थांबावं म्हणून सुनिताच्या छातीवर कापसाची घडी दहा मिनिटं दाबून धरायची असते, ती मावशी धरून बसल्या.

तेव्हा सुनिताने हळूच विचारलं, "मावशे, ते तुकडं बाटलीत कावून ठिवलं?"

तपासायला, मावशी म्हणाल्या.

"मालकाला सांगू नका बाटलीचं."

आणि दाबलेल्या छातीने, अडखळत, तिने जावेची गोष्ट सांगितली. थोरला दीर त्रिंबक. त्याची बायको विषाने मेली. तिने घेतलं की तिला पाजलं, घरात कुणी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी प्रेताचे तुकडे बाटल्यांत भरले, पोलिसांनी बाटल्या नेल्या, पुढे कागद आला आणि त्या कागदावर त्रिंबक सात वर्षांसाठी आत गेला. तेव्हापासून नवरा, शहादेव, बाटलीला भितो. बाटलीतल्या तुकड्याला सगळं कळतं, कुणी काय केलं ते तो सांगतो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"आगं, ती बाटली मेलेल्या माणसाची," मावशी म्हणाल्या. "ह्या बाटलीचं अन् पोलिसाचं काई न्हाई. तुझ्या तुकड्याला काय कळणार हाय?"



शहादेव त्या सकाळी बीडलाच होता. लोहाराकडून कोयत्याला पाणी पाजून घेतलं होतं, तिथेच पूजा करून कोयता पिशवीत टाकला होता. स्टँडवर गावातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की तुझी बायको अन् सासू अमक्या दवाखान्यात शिरताना पाहिली. तो आला तेव्हा दगडाबाई बाकावर बसली होती. त्याने तिला काही विचारलं नाही. मानगूट धरून बाकावरून उचलली आणि भिंतीवर घातली. म्हातारीचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, आणि ती खाली बसता बसता बोलून गेली की काई न्हाई झालं बाबा, नुसते पाच तुकडे काढले.

दार लाथेने उघडलं. शहादेवने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाटली कुठंय?"

मॅडमनी बाहेर व्हा म्हटलं. त्याने ट्रॉलीलाच लाथ घातली. ट्रॉली आडवी झाली, ट्रे, कात्र्या, जेलीची नळी सगळं फरशीवर सांडलं. बाटली प्लास्टिकची, फुटली नाही, पण झाकण उडालं, पाणी पसरलं आणि त्या औषधाच्या उग्र वासाने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनिता टेबलावरून उतरायला गेली. त्याने तिचे केस धरून तिला टेबलाच्या कडेवर आपटलं. मॅडमनी मागून त्याची कॉलर ओढली. त्याचं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला.

मावशी तोपर्यंत गुडघ्यांवर होत्या. सकाळचा हार तुटून झेंडूच्या पाकळ्या फरशीभर झाल्या होत्या, आणि त्या पिवळ्या पाकळ्यांत ते पिवळे धागे शोधायचे होते. एक दिसला, मग शेजारी शेजारी दोन, मग एक ट्रॉलीच्या चाकाशी. चारही त्यांनी बोटाने एका जागी सरकवले आणि वर उजवा तळवा घुमटासारखा ठेवला. हे पुन्हा काढायचे तर पुन्हा सुई. आणि एकदा इथून गेलेली सुनिता पुन्हा येणार नव्हती, हे मावशींना उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं.

शहादेवने ते पाहिलं. पिशवीतून कोयता काढला. मुठीवरचं कुंकू अजून ओलं होतं.

"हात काढ, म्हातारे."

मावशींनी काढला नाही. त्याने कोयता उलटा धरला आणि लाकडी मूठ त्या हातावर घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आत काहीतरी मोडलं, आणि तो आवाज मावशींच्या ओळखीचा होता. अंग आपोआप लाकूड झालं. डोळे छताकडे गेले नाहीत मात्र. त्या त्याच्या पायांकडे बघत राहिल्या, कारण बुटाखाली धागा सापडला असता. त्याने बुटानेही मारलं, बरगडीत, पाठीत. नऊ दिवसांच्या उपासाचं अंग ते. तळवा जागचा हलला नाही. खाली ते धागे ओलसर लागत होते, एवढंच त्यांना पुढे आठवत होतं.

गेटवरचा गुफरान धावत आला. त्याने मागून शहादेवच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला दाराच्या चौकटीवर असं हाणलं की कोयता हातातून सुटला. मग बाहेर बसलेली माणसं आली. कुणी चपलांनी मारलं, कुणी पट्ट्याने, एकाने पाण्याचा जार उचलून पाठीत घातला. काय झालंय हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनीही हात धुऊन घेतले. शहादेवचा एक डोळा मिटला, नाकातून रक्ताची धार लागली. मॅडम फाटक्या ओठाने ओरडल्या तेव्हा कुठे लोक थांबले.

मावशींनी नवी बाटली मागितली. उजवा हात चालत नव्हता. डाव्या हाताने, त्या चपट्या अंगठ्यात चिमटा धरून, त्यांनी एकेक धागा औषधात सोडला. चार झाले. पाचवा काही दिसेना. शेवटी मॅडमनी त्यांचा मोडलेला पंजा हळूच उलटा केला. पाचवा तळव्यालाच चिकटला होता.

ही गोष्ट इथे संपली असती तर मावशी मोठ्या धीराच्या ठरल्या असत्या. पण तसं झालं नाही.

हवालदार आला. मॅडमना रीतसर तक्रार करायची होती. मावशींचा हात बर्फात होता. कपडे बदलायच्या पडद्यामागून सुनिताने हात जोडले, भुवईवर टेबलाच्या कडेचा काप घेऊन. नवरा आत गेला तर सासरचे दारात उभं करणार नाहीत, आणि दोन लेकरं तिथं आहेत, असं ती ओठांतल्या ओठांत सांगत होती. मावशींना धर्मापुरीचा न बांधलेला जिना आठवला. हवालदाराने विचारलं, हात कसा मोडला?

"पाय घसरून पडले," मावशी म्हणाल्या.

हवालदाराने शहादेवच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. "अन् हा?"

"त्योबी घसरला," गुफरान म्हणाला.

मोठा मार तुम्हाला बसलाय, तुम्हीच असं म्हणाल तर मी काय बोलू, एवढंच मॅडम म्हणाल्या आणि ओठाला टाके घालून घ्यायला गेल्या. जबाबाच्या कागदावर मावशींनी सही केली नाही, हात चालत नव्हता. पडल्याची नोंद, त्यात सही कसली, म्हणून हवालदारानेही धरून ठेवलं नाही. जाताना शहादेवने मावशींच्या पायांना हात लावला आणि मावशी तुमी लई चांगल्या माणूस, म्हणाला. बाटली संभाजीनगरला गेली. सुनिता त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेली.

दसरा मावशींनी प्लास्टर घातलेल्या हाताने केला. पाठीवर काळेनिळे वळ होते, कुशीवर वळता येत नव्हतं. झोपेत बुटाचा पाय दिसायचा. पण त्याहून जास्त त्यांना स्वतःचंच वाक्य टोचत होतं. देवापुढे दिवा लावला की तेच वाक्य ओठांवर यायचं, पाय घसरून पडले. देवापुढे खोटं कसं बोलावं, म्हणून त्या दोन दिवस तिथे बसल्याच नाहीत.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. सुनिताला शहादेवच घेऊन आला. दगडाबाईही आली होती, कपाळाला पट्टी. सुनिताने पदर तोंडावर धरला होता. मॅडमनी तो बाजूला करायला सांगितलं. खालचा ओठ फाटून सुजला होता आणि पुढचे दोन दात नव्हते. डावा हात गळ्यात बांधलेला.

शहादेवच बोलला. "पडली. न्हाणीत शेवाळ हाय लई."

ते दोन दात आपण पाडले, असं मावशींना वाटलं. त्या दिवशी आपण खरं बोललो असतो तर हा माणूस त्या संध्याकाळी घरी गेलाच नसता.

मॅडमनी कागद उघडला, स्वतःशी वाचला, आणि खुर्ची पुढे ओढून सुनिताचा धड असलेला हात हातात घेतला. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "ऐकलंस? नाही."

दगडाबाई मटकन खाली बसली आणि कपाळ फरशीला टेकवून रडायला लागली. शहादेव हसला. मी म्हणलं न्हवतं का, काई निघणार न्हाई, म्हणाला, उगं तमाशा केला बायांनी. ट्रक परवा निघतोय, मुकादम वाट बघतोय, चल.

सुनिता उठली नाही. तिने विचारलं, मग गाठ कसली?

मॅडमनी समजावून सांगितलं. छातीत चरबी असते. तिथली चरबी मेली की शरीर तिच्याभोवती कडक गाठ बांधतं. मशीनवर ती अगदी कॅन्सरसारखी दिसते, म्हणून तर तुकडा काढावा लागला. आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी खाली एक ओळ लिहिली आहे. मॅडमनी ती आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली: अशी गाठ बऱ्याचदा मुका मार लागल्याने होते, तरी रुग्णाला पूर्वी मार लागला होता का हे विचारून नोंद करावी.

शहादेवचा चेहरा उतरला. तो कागदाकडे असा बघायला लागला जसं कागदाला तोंड फुटलंय.

तुझ्या तुकड्याला काय कळणार हाय, असं मावशीच म्हणाल्या होत्या. संभाजीनगरला बसलेल्या, सुनिताला कधी न पाहिलेल्या कुणा डॉक्टरने शेवईएवढ्या धाग्यात बघून तो प्रश्न विचारला होता, आणि मावशी रोज खांद्यावर हात ठेवूनही तो विचारत नव्हत्या.

मॅडम पेन घेऊन थांबल्या होत्या. "लागला होता का?"

"न्हाई," शहादेव म्हणाला. "कुठं आपटली असंल फडात, त्याचं काय—"

"तुला न्हाई इचारलं," मावशी म्हणाल्या.

त्या सुनिताच्या मागे गेल्या आणि प्लास्टरचा हात तिच्या खांद्यावर ठेवला. खांदा लाकूड होता. डोळे छताच्या कोपऱ्यात. तिथे एक कोळ्याचं जाळं होतं, मावशींना आता कळलं की एवढ्या बाया तिथेच बघत आल्या होत्या.

"सुनिता, वर काई न्हाई बघायला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुला म्हणलं, हलू नको. आज म्हणते, हल. माझा हात हाय खांद्यावर. मारलं तर आधी मला लागंल."

खांदा आधी थरथरला, मग गदगदा हलायला लागला, आणि फाटक्या ओठातून शब्द आले.

"शिमग्याच्या आदल्या दिवशी. कर्नाटकात, फडात. मोळी उचलाया येळ लागला म्हणून. कोयत्याच्या मुठीनं, सात येळा. मी मोजलं."

शहादेव उठला आणि टेबलावरून कागदाकडे झेपावला. मॅडमनी कागद छातीशी धरला. दगडाबाई फरशीवर बसली होती, तिने दोन्ही हातांनी जावयाचा पाय धरला आणि पोटरीला दात लावले, शेळीचा पाय लांडग्याने धरावा तसे. तो ओरडला, दुसऱ्या पायाने त्याने तिच्या तोंडावर लाथ घातली, तरी तिने सोडलं नाही. गुफरान आत आला. या वेळी त्याने एकच बुक्की मारली, पोटात, आणि शहादेवला फरशीवर पालथा पाडून पाठीवर गुडघा रोवला.

"गुफरान," मावशी म्हणाल्या, "त्या हवालदाराला फोन लाव. म्हणावं माझा जबाब चुकला हाय."

"काय चुकलं सांगू?"

"पाय घसरला न्हवता."

तासाभरात हवालदार आला, सोबत एक बाई पोलीस. वडवणीला गाडी पाठवून आधी लेकरं आणा, मग मी सही करते, असं सुनिताने सांगितलं. माहेरच्या दोन माणसांसोबत गाडी गेली. लेकरं चार वाजता आली, धाकट्याच्या हातात अजून अर्धी भाकरी होती. मगच सुनिताने जबाबाखाली नाव लिहिलं. मॅडमनी सुनिताच्या फाईलमध्ये ती ओळ भरली: मार लागला होता, तारीख, कशाने, कुणी.

मग मावशींची पाळी आली. त्यांनी सगळं सांगितलं, ट्रॉलीपासून बुटापर्यंत. मध्येच एकदा धर्मापुरीचंही सांगायला लागल्या होत्या. हवालदार म्हणाला, मावशी, ते आता कुठं लिहू? मावशी म्हणाल्या, लिहू नका, नुसतं ऐका. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं.

सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मावशी क्षणभर ओशाळल्या. मग त्यांनी डावा अंगठा पुढे केला. हवालदाराने शाई लावून कागदावर दाबला. ठसा उमटला नाही, नुसता काळा डाग आला, कारण त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. त्याने पुसून पुन्हा शाई लावली, पुन्हा तसंच.

"दुसरं बोट द्या," तो म्हणाला.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्योच घ्या. अन् ठसा असा कावून आला, तेबी खाली लिवा."